पाचगणीपर्यंतचा पास

पेण,
दि. ८ ऑक्टोबर १९९३

निसीम,

तुझे कार्ड परवा मिळाले. उत्तरास विलंब झाला तो आळसाने नव्हे. पितृपक्ष चालू आहे. काल वडिलांची तिथी होती, आणि तर्पणाचे पाणी सोडताना तुझे एक वाक्य पुन्हा पुन्हा मध्ये येऊन उभे राहत होते: ‘लीयाने विमानाचे तिकीट धाडले, डिसेंबरात इस्राएलला कायमचा जाणार, त्याआधी एकदा एस्थरला पाहून यावे असे वाटते.’ पाहून यावे, असे तू लिहिलेस. जी जाऊन पस्तीस वर्षे झाली तिला. आमच्याकडे गेलेल्या माणसास ठिकाण उरत नाही. राख नदीच्या स्वाधीन केली की तो दिशांना वाटला जातो, आणि वर्षातून एकदा दर्भाच्या टोकावर त्याला आवाहन करून बोलवावे लागते. तुमचे माणूस मात्र एकाच जागी पडून राहते. त्याला भेटायला कोणी गेले नाही तर काय, हा विचार मला या वयात प्रथमच शिवला, आणि तो काही सुखाचा नव्हता.

पाचगणी गाठण्याचे तुझे एकट्याचे वय नाही, माझेही नाही. दोघे मिळून मात्र जाता येईल. येथील स्थानकात पाटी लागली आहे. एस.टी.चा ‘आवडेल तेथे प्रवास’ नावाचा पास काढला की मुदतीच्या आत वाटेल त्या गाडीत बसावे, मनात येईल तेथे उतरावे, मागून येणारी दुसरी धरावी. मी दोघांचे पास काढतो. प्रतापगड पाहू, क्षेत्र महाबळेश्वर करू, आणि शेवटी पाचगणीस तुझ्या एस्थरपाशी जाऊ. शाळेत जन्मभर मी मुलांना पर्वतांची वर्णने शिकवली, अन्वय लावून दिले, समास सोडवले. प्रत्यक्षात येथल्या महालमिऱ्या डोंगरापेक्षा उंच काही चढलो नाही.

मोरू म्हणाला, “नाना, या वयात सहल?” मी म्हटले, “यात्रा म्हण, म्हणजे तुझ्या बायकोला शेजारी सांगायला बरे पडेल.”

पासासाठी तुझे छायाचित्र लागते. ते धाड.

महिपती

---

अष्टमी (रोहा),
१६ ऑक्टोबर १९९३

महिपती,

छायाचित्र पाठवत आहे. बरेच जुने आहे. कंडक्टरने ‘हा कोण’ म्हणून विचारले तर माझा धाकटा भाऊ म्हणून सांगू.

एस्थरला तू आमच्या लग्नात पाहिलेस, त्यानंतर नाही. छातीचा विकार जडला तेव्हा डॉक्टरांनी डोंगरावरची हवा सुचवली. पाचगणीच्या रुग्णालयात ती होती, आणि तिथेच आषाढात गेली. घाटात दरड कोसळलेली. तिला खाली आणण्याला कोणी गाडीवाला तयार होईना. दफनभूमीपाशी तिला ठेवून, सहा वर्षांच्या लीयाला घेऊन मी परत आलो. पुढे तीन-चार वेळा गेलो, मग गुडघे बसले. जागा दाखवायला मी आहेच. पाठ आहे मला.

लीया इतकी वर्षे बोलावते आहे आणि मी आताच का निघालो, असे तू विचारले नाहीस, तरी सांगतो. आमच्यात गेलेल्या माणसासाठी प्रार्थना म्हणायची तर दहा पुरुष हजर लागतात. अष्टमीच्या आमच्या यहुदी मशिदीत आता आम्ही तिघे उरलो आहोत, त्यातल्या एकाला ऐकू येत नाही. पाचगणीला त्या पावसात दहाजण मिळाले नाहीत; एस्थरसाठी ती प्रार्थना, कद्दीश, म्हणायची राहिली ती राहिलीच. माझ्यासाठी तरी कोणी म्हणावे, असे मुलीला वाटते.

एकच मागणे. शनिवारी मी गाडीत बसणार नाही, आणि शब्बाथच्या दिवशी थडग्यापाशीही जाणार नाही. शुक्रवारी उजेड असता तिला भेटेन, शनिवार तिथेच बसून काढेन, रविवारी परतू. एवढे जमव. बाकी तू नेशील तिथे येईन.

निसीम

---

पेण,
१५ नोव्हेंबर १९९३

निसीम,

पास हाती आले. दिवाळी आटोपली. बुधवारी चोवीस तारखेस सकाळी मी येथून निघतो. तू कोलाडच्या नाक्यावर उभा राहा, मी खिडकीतून पंचा हलवीन.

बुधवारी पोलादपूरवरून घाट चढून वर मुक्काम. गुरुवारी प्रतापगड, तुझ्यासाठी जेवणाचे पाहू, मला उपवास आहे. शुक्रवारी क्षेत्र महाबळेश्वर. तेथे पाच नद्या एका गोमुखातून पडतात. त्या पाण्यात स्नान करून काही काळ जपास बसावे, ही माझी मौंजीबंधनापासूनची इच्छा आहे. ती पुरी होऊ दे. ते आटोपले की पाचगणीची गाडी धरू. शनिवार तुझ्यासाठी संपूर्ण कोरा ठेवला आहे. पासाची मुदत त्या दिवशी संपते, तो दिवस वाया गेला तरी चालेल.

अलिबागच्या वसतिगृहात तीन वर्षे आपली अंथरुणे शेजारी होती, पण तुझा शनिवार मी कधी पाहिला नाही. शुक्रवारी दुपारीच तू घराकडे पळायचास. न पाहिलेल्या गोष्टीचाही मान ठेवता येतो. तो मी ठेवीन.

गरम बंडी घे.

महिपती

---

अष्टमी (रोहा),
२ डिसेंबर १९९३

प्रिय लीया,

तुला अनेक आशीर्वाद. फोनवर तू विचारलेस, “आईला पाहिलेत का?” आणि मी खोकल्याचे निमित्त करून फोन ठेवला. पाहिले नाही. काय झाले ते लिहितो. पुढच्या आठवड्यात तुझ्याकडे येणार तेव्हा तोंडी सांगता येईल, पण तोंडी सांगताना मी कोणाला तरी दोष देईन, आणि तो मला द्यायचा नाही.

पहिले दोन दिवस फार चांगले गेले. महिपती दर गाडीत पास असा दाखवी, जणू राजाचे आज्ञापत्र. एका कंडक्टरने म्हटले, “आजोबा, ठेवा खिशात, वाऱ्यानं जाईल.” त्यावर हा म्हणतो, “बाबा रे, याच्या जोरावर मी आज तुझ्या गाडीचा धनी आहे.” प्रतापगडाच्या पायऱ्यांवर आम्ही दोघे दर वळणाला बसत होतो, आणि तो प्रत्येक डोंगराचे नाव माणसांना विचारून घेत होता.

शुक्रवारी देवळात गेला तेव्हा ऊन चांगले वर होते. स्नान करून तो गोमुखासमोर माळ घेऊन बसला. मी बाहेर पायरीवर. पाचगणीकडे जोडून जाणारी गाडी आली आणि गेली. मी दारापर्यंत गेलो. तो ओल्या धोतराने बसला होता, डोळे मिटलेले, चेहरा इतका शांत की पन्नास वर्षांत मी तसा पाहिला नव्हता. तुझे आजोबा म्हणत की कोणी देवाशी बोलत असेल तर मध्ये उभे राहू नये. मी परत पायरीवर येऊन बसलो. दुसरी गाडी गेली. मुळे विकणारी एक बाई म्हणाली, “बाबा, गाड्या सोडाया बसलाय व्हय?” मी म्हटले, आतला माणूस यायचा आहे. “मंग हाक मारा की त्येला.” मी मारली नाही. सावल्या लांबत होत्या. मला सगळे दिसत होते, लीया, आणि मी हाक मारली नाही.

तो बाहेर आला आणि म्हणाला, “कृतार्थ झालो रे. चल, आता तुझे काम. पुष्कळ वेळ आहे.” मी काही बोललो नाही. वाटले, गाडी लवकर मिळाली तर कदाचित गाठू.

गाडी बदलून आम्ही पाचगणीच्या रस्त्याला लागलो. महाबळेश्वरचे तळे मागे पडले आणि झाडांमागे सूर्य गेला. मी घंटीची दोरी ओढली.

“काय झाले?” महिपती म्हणाला.

“शनिवार लागला.”

“आज शुक्रवार आहे, निसीम.”

“सूर्य मावळला. आमचा दिवस संध्याकाळी सुरू होतो.”

“वार सूर्योदयापासून सूर्योदयापर्यंत. उद्या सकाळी शनिवार लागेल.”

“तुझा.”

कंडक्टर म्हणाला, “पास हाय न्हवं तुमचा? मग हितं कशापायी उतरता? हितं काय हाय, इष्ट्राबेरीचं वावार.” लोक हसले. त्या हसण्याने महिपती चिडला असावा. म्हणाला, “पस्तीस वर्षे ताटकळलेल्या बायकोला दारात येऊन परत फिरवतोस? अर्ध्या तासाचा रस्ता राहिला. तुझा देव काय सूर्यावर नजर लावून, चूक पकडायला बसला आहे?”

मी उतरलो. त्याने उतरावे असे मला वाटले, पण मी वर पाहिले नाही. गाडी गेली.

जवळच सखा नावाच्या शेतकऱ्याचे घर होते. त्याच्या बायकोने, मैनाबाईने, ओटीवर घोंगडी दिली. चुलीपाशी ये म्हणाली. मी ओटीवरच राहिलो. शनिवारी दिवसभर थंडी वाजत होती. चांदण्या दिसू लागल्या तेव्हा शब्बाथ संपला, पण मला उभे राहवेना. रविवारी पहिल्या गाडीने महिपती आला. माझ्या कपाळाला हात लावला. पाचगणी तिथून किती जवळ होती! पण त्याला मला उलट दिशेने पोलादपूरच्या गाडीत घालावे लागले. पासाची मुदत संपली होती, त्याने तिकिटे काढली. घरी येईपर्यंत आम्ही दोघे एकमेकांशी पाण्याखेरीज कशाबद्दल बोललो नाही.

डॉक्टर आता पुन्हा डोंगरावर जाऊ देत नाहीत. तुझे तिकीट बदलू नकोस. मी येतो.

तुझा बाबा

---

पेण,
१० डिसेंबर १९९३

निसीम,

हे पत्र लीयाच्या पत्त्यावर धाडत आहे, कारण काल मी अष्टमीस आलो तेव्हा तुझ्या दारास कुलूप होते. शेजारची बायजा म्हणाली, “निसीमचाचा गेलं की मंगळवारी मुंबयला, तिकडनं इमान. छाती भरलीय त्यांची, बोलता येत नाय धड. तुमी पेणचं काय? बसा, पानी देते. तुमची वाट बघित व्हतं चार दिस.” मी बसलो नाही. वाट पाहत होतास, हे ऐकून त्या ओट्यावर बसण्याचे धैर्य माझ्यात नव्हते.

त्या शनिवारी मी काय केले ते तुला ठाऊक नाही. मी पाचगणीत होतो. दफनभूमी कोठे आहे ते विचारून घेऊन पाच मिनिटांत मी तेथे जाऊ शकलो असतो. गेलो नाही. राग होता, आणि रागाला मी तत्त्वाचे नाव दिले होते. खिशातला पास त्या दिवसापुरता जिवंत होता म्हणून मी गाडीत बसून घाट उतरून वाईस गेलो, परत वर आलो, पुन्हा उतरलो. खिडकीतून खोरे दिसत होते, नदी दिसत होती. सहप्रवासी ‘काय देखावा आहे’ म्हणत होते. तू त्या वेळी परक्याच्या ओटीवर कुडकुडत होतास.

मनुष्याचा दिवस, पितरांचा दिवस, देवांचा दिवस, यांची माने निरनिराळी आहेत, हे मी चातुर्मासात देवळात बसून बायाबापड्यांना दरवर्षी समजावून सांगतो. एका मित्राचा दिवस निराळ्या वेळी उगवतो, एवढे मात्र मला उमगले नाही. आणि उमगल्यावरही मी त्याची चेष्टा केली. बाहेर तू गाड्या सोडत बसला होतास आणि आत मी कृतार्थ होत होतो. तो जप कोणी ऐकला असेल असे मला वाटत नाही.

तुला लिहावेसे वाटले तर लिही. न वाटले तर तेही मी समजून घेईन.

महिपती

---

दिमोना,
२० फेब्रुवारी १९९४

महिपती,

तुझे पत्र जानेवारीतच आले. लिहायला बसवेना, कारण इथली हवा कोरडी आहे आणि माझी छाती आतून ओली, दोघांचे पटत नाही. हे वाळवंटातले गाव आहे. खिडकीतून पाहिले की मिठागराच्या बांधासारखी सपाट जमीन, पण पाणी कुठेच नाही. गल्लीत मराठी ऐकू येते. लीयाच्या शेजारणी आंबोळ्या करतात, आणि त्यांची मुले त्यांना या भाषेत उत्तर देत नाहीत.

इथे दहा पुरुष कोणत्याही दारात मिळतात. पहिल्याच आठवड्यात एस्थरसाठी कद्दीश म्हटले. पस्तीस वर्षे मला वाटत होते की ते शब्द तोंडातून निघाले म्हणजे काहीतरी हलके होईल. म्हणताना समोर चुन्याची भिंत होती. मी त्या भिंतीकडे पाहून म्हटले आणि घरी आलो.

तू उतरला नाहीस याचे मला वाईट वाटले, हे खोटे कशाला बोलू. पण हाक मी मारली नाही. गाडीत बसतानाही सांगू शकलो असतो, ‘आज इथेच राहू, तिच्याकडे रविवारी जाऊ.’ तुझा चेहरा पाहून मी तोंड मिटले, आणि माझे मिटलेले तोंड पाहून तू पुष्कळ वेळ आहे असे समजलास. दोघांनी ते वाटून घेऊ. माझ्या वाटणीचे मी इकडे आणले आहे.

तुला जमले तर एकदा जा. फुले नकोत, पाणी नको, दिवा नको. आमच्यात भेटीला गेलेला माणूस थडग्यावर एक खडा ठेवून येतो, तेवढा ठेव. माझ्या नावाने ठेव.

निसीम

---

पेण,
२७ एप्रिल १९९४

निसीम,

जाऊन आलो. शांतीने, माझ्या सुनेने, नको म्हटले. मोरूने सोबत येतो म्हटले. दोघांनाही घरी ठेवून मी एकट्याचा पास काढला. या खेपेस प्रतापगडाकडे पाहिले नाही, गोमुखाकडे गेलो नाही. वाटेल तेथे उतरण्याची मुभा देणारा तो कागद हातात धरून मी पाचगणीपर्यंत कोठेही उतरलो नाही.

दफनभूमीच्या फाटकाच्या उजव्या अंगास, भिंतीला टेकून, उतारावर जोते घालून एक नवे विश्रामगृह बांधले आहे. रंगाचा वास अजून गेलेला नाही. रात्री तेथेच राहिलो. सकाळी रखवालदाराने फाटक उघडून दिले. तो नवखा आहे. जुन्या रुग्णांची रांग तेवढी त्याने दाखवली. मागच्या भिंतीशी पाच-सात थडगी आहेत. क्रूस नाही, नाव नाही. लाकडी पाट्या होत्या त्या कुजून गेल्या, असे तो म्हणाला. एस्थरचे कोणते, हे सांगणारे तेथे कोणी नव्हते.

तू ‘जागा पाठ आहे’ म्हणाला होतास, आणि ती जागा तुझ्यासोबत समुद्रापार गेली होती. शेवटी मी त्या प्रत्येकावर एकेक खडा ठेवला, आणि प्रत्येक वेळी ‘निसीमकडून’ असे मोठ्याने म्हटले. ते इतर कोण होते हे मला माहीत नाही. स्मशानभूमीतून आल्यावर स्नान करावे, असा आमचा नियम. त्या दिवशी मी केले नाही. तसे मनातच आले नाही.

आता दुसरी गोष्ट. परतल्यावर मी हमरापूरच्या पोपटला एक शिळा घडवायला सांगितली आहे. तो गणपती रंगवतो, पण त्याचा हात दगडावरही चालतो. ‘एस्थर निसीम अष्टमकर’ एवढेच, मराठीत. तो विचारत होता, “नाना, नावापुढं श्री टाकू का? मोकळं मोकळं दिसतं.” मी नको म्हटले. शिळा पंधरवड्यात होईल. रांगेतले कितवे थडगे तिचे, एवढे आठवून कळव: भिंतीकडून मोजून, झाडाच्या खुणेवरून, कसेही. पावसाळ्यापूर्वी पुन्हा पास काढून मी ती शिळा तिच्या डोक्याशी बसवून येईन. नुसता खडा पुरणार नाही, निसीम. मला ते पुरत नाही.

महिपती

---

दिमोना,
२९ मे १९९४

महिपती,

तुझे पत्र लीयाने वाचून दाखवले. मग मी ते हातात घेतले आणि विश्रामगृहाची ओळ पुन्हा वाचायला लावली. तिने तीन वेळा वाचली. चौथ्यांदा ती वाचेना.

त्या रांगेत एस्थर नाही.

ती दफनभूमी दुसऱ्या धर्माची. माझ्याशी कोणी वाईट वागले नाही. पावसात उभे राहून त्यांच्यातल्या एका वृद्ध गृहस्थाने मला समजावले की आतली जमीन त्यांच्या विधीने शुद्ध केलेली आहे, तिथे आमच्या माणसाला ठेवता येत नाही; तुम्ही तरी तुमच्या भूमीत आम्हांला ठेवाल का? मी नाही म्हटले. ते खरेच होते. मग भिंतीबाहेर, फाटकाच्या उजव्या अंगाला, उतारावर त्यांनीच माणसे लावून खड्डा खणून दिला. जांभळीची झाडे होती. मी काळे दगड रचून खूण केली. शेवटचा गेलो तेव्हा दगड होते.

हे तुला आधी लिहिले नाही. ‘दफनभूमीपाशी’ असे लिहिले, कारण कुंपणाबाहेर असे लिहायला हात होईना. आपण दोघे जाणार होतो, मी तुला बोटाने दाखवणार होतो, मग सांगायचे काही उरलेच नसते. फेब्रुवारीत तुला जा म्हटले तेव्हाही लिहिले नाही. वाटले, फाटकापाशी गेलास की काळे दगड तुला आपोआप दिसतील.

तू त्या इमारतीत झोपलास याचा विचार करून घेऊ नकोस. जोते घालणाऱ्यांनाही ठाऊक नसेल. दगडांचे ढीग त्या उतारावर पुष्कळ. ती जागा माहीत असलेला मी एकटाच होतो, आणि मी इथे आलो.

पुन्हा जाऊ नकोस. शिळेचे काय करायचे ते तू ठरव. मी काही सुचवू शकत नाही.

निसीम

---

पेण,
२१ नोव्हेंबर १९९४

निसीम,

तुझ्या पत्रास मी सहा महिने उत्तर दिले नाही. देता आले नाही, असे म्हटले तर ते अधिक खरे होईल. चातुर्मासात देवळात पुराण सांगायला बसलो नाही. लोकांना वाटले प्रकृती बरी नाही, आणि मी त्यांना तसे वाटू दिले.

शिळा पावसाळाभर पडवीत भिंतीला टेकून होती. शांतीने तिच्यावर गोणपाट टाकून ठेवले होते. येणारेजाणारे विचारीत, आणि मोरू म्हणे, नानांचे काहीतरी काम आहे. ती फोडून टाकावी असे एकदा मनात आले होते. नाव कोरलेला दगड फोडण्याचे काम पोपटही करणार नाही म्हणाला. “घडवला त्याला मी हात लावायचो नाय, नाना. दुसरा कोण बघा.”

गेल्या मंगळवारी मी ती एस.टी.ने अष्टमीस नेली. हो, पास काढला होता. एका दिवसाच्या कामाला त्याची गरज नव्हती, सवय लागली म्हणायची. मोरू आणि पोपट यांनी शिळा गाडीत चढवली. कंडक्टर म्हणाला, “बाबानू, पास माणसाचा हाय, दगडाचा नाय. लगेज फाडाय लागंल.” मी म्हटले, फाड. त्याने वाकून नाव वाचले, आणि रोह्यापर्यंत ती हलू नये म्हणून स्वतःची पत्र्याची पेटी तिच्या पायथ्याशी लावून ठेवली.

तुमच्या दफनभूमीत गवत कमरेएवढे वाढले आहे. बायजाने केरूला बोलावून आणले. तो तेथे विळा चालवतो. तुझ्या मातोश्रींची जागा त्याला ठाऊक होती. तिच्या डाव्या हाताला जमीन मोकळी होती, तेथे आम्ही शिळा उभी केली. मोरूने आणि पोपटने माती दाबली. मी खडा ठेवला.

दगड उभा आहे. त्याच्याखाली कोणी नाही, हे तुला आणि मला ठाऊक आहे. दुसऱ्या कोणाला मी ते सांगितलेले नाही. मोरूला वाटते अस्थी असतील. तुमच्यात तसे नसते हे तो जाणत नाही.

निघताना केरूने विचारले, “या बाई कंदी गेल्या?” मी साल सांगितले. तो म्हणाला, “लय वर्सं झाली. आन् आता आनल्या?” मी होय म्हटले. त्याने वहाणा काढून बाजूला ठेवल्या, आणि त्या मोकळ्या जमिनीवरचे गवत हातानेच उपटू लागला.

महिपती